शेखावाटीतील हवेल्यांची भित्तिचित्रे

शेखावाटीतील हवेल्यांची भित्तिचित्रे ही राजस्थानच्या ईशान्य भागातील शेखावाटी प्रदेशात व्यापारी कुटुंबांनी आपल्या राहत्या घरांवर रंगवून घेतलेली चित्रे होत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांपर्यंत ही परंपरा बहरली. घरातील दालनांबरोबरच रस्त्याकडील दर्शनी भिंती, प्रवेशद्वाराच्या कमानी आणि सज्जांखालील भागही चित्रांनी भरून काढणे हे तिचे वैशिष्ट्य होय. बाहेरील चित्रे मुख्यतः ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर, म्हणजे फ्रेस्को पद्धतीने काढली जात. त्यामुळे त्यांपैकी अनेक चित्रे ऊन, वारा व पाऊस सोसून आजही टिकून आहेत.

प्रदेश आणि इतिहास

शेखावाटीत प्रामुख्याने झुंझुनू व सीकर हे जिल्हे येतात. चूरू जिल्ह्याचा काही भागही सांस्कृतिकदृष्ट्या याच प्रदेशात गणला जातो. पंधराव्या शतकातील राजपूत सरदार राव शेखा यांच्यावरून प्रदेशास हे नाव मिळाले. गुजरातची बंदरे व उत्तर भारत यांना जोडणारे व्यापारी मार्ग येथून जात. स्थानिक ठाकुरांनी तुलनेने कमी जकात आकारल्यामुळे अनेक व्यापारी येथील नगरांत स्थायिक झाले.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांच्या सत्तेबरोबर व्यापार कोलकाता व मुंबई या बंदरांकडे वळला आणि मारवाडी व्यापारीही तिकडे गेले. कुटुंबे मात्र बराच काळ मूळ गावीच राहत. परगावी मिळवलेल्या संपत्तीतून गावात हवेली, मंदिर, विहीर, धर्मशाळा व छत्री बांधण्याची प्रथा पडली. घरधनी दूर असला तरी त्याची श्रद्धा, प्रतिष्ठा आणि त्याने पाहिलेले जग घराच्या भिंतीवर सर्वांना दिसत असे.

पिलानीचे बिर्ला व नवलगढचे पोदार ही घराणी याच प्रदेशातील होत. वर्धा येथे दत्तक गेलेले जमनालाल बजाज यांचा जन्मही १८८९ मध्ये सीकरजवळील काशी का बास या गावी झाला होता.

चित्रणाची पद्धत

बांधकाम व चित्रण ही दोन्ही कामे बहुधा एकच कारागीर करीत. त्यांना ‘चेजारा’ म्हणत. त्यांच्यातील अनेक जण कुंभार समाजातील होते. बहुतेक चित्रांवर कारागिरांची नावे आढळत नाहीत.

कळीचा चुना पाण्यात विरवून मुरवला जाई. भिंतीवर प्रथम चुना आणि विटांची भुकटी किंवा वाळू यांचा जाडसर गिलावा देऊन त्यावर अधिकाधिक बारीक थर चढवीत. शेवटचा थर गाळलेल्या बारीक चुन्याचा असे. तो ओला असतानाच रेखाटन करून रंग भरावे लागत. म्हणून एका दिवसात रंगवून होईल तेवढ्याच भागावर हा थर देत. रंग भरल्यावर लहान थापीने हलके ठोकून ते गिलाव्यात बसवीत, अकीक दगडाने पृष्ठभाग घोटीत आणि अखेरीस खोबरे घासून त्यास चकाकी आणीत.

या पद्धतीत वेगळा चिकट पदार्थ लागत नाही. गिलाव्यातील चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो व त्याचे कॅल्शियम कार्बोनेटमध्ये रूपांतर होते. या स्फटिकांत रंगाचे कण अडकून राहतात. त्यामुळे रंग भिंतीवरचा वेगळा थर न राहता भिंतीचाच भाग बनतो. कोरड्या गिलाव्यावर डिंकासारख्या पदार्थात कालवून दिलेला रंग पाण्याने सुटतो. त्यामुळे ही कोरडी पद्धत मुख्यतः आतील दालनांत वापरली जाई.

चुन्याच्या तीव्र अल्कधर्मी गुणामुळे वापरता येण्याजोगे रंग मोजकेच होते. पांढऱ्यासाठी चुना, काळ्यासाठी काजळ, तांबड्यासाठी गेरू, पिवळ्यासाठी पेवडी आणि निळ्यासाठी नीळ वापरीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातून आलेले कृत्रिम रंग स्वस्तात मिळू लागले. तेव्हापासून भडक निळ्या व तांबड्या छटांचा आणि कोरड्या पद्धतीचा वापर वाढला.

विषय

जुन्या चित्रांत कृष्णलीला, रामकथा, ढोला-मारूची प्रेमकथा, मिरवणुका, शिकार व युद्धप्रसंग आढळतात. प्रवेशद्वाराच्या दोन्ही बाजूंस हत्ती किंवा घोडे काढीत, तर मोकळ्या जागा वेलबुट्टीने भरीत.

पुढे आगगाडी, मोटार, विमान, ग्रामोफोन, टोपीवाले साहेब आणि कुटुंबातील व्यक्तींची चित्रेही भिंतींवर आली. मंडावा येथील नेवटिया हवेलीवर विमानाचे व दूरध्वनीवर बोलणाऱ्या व्यक्तीचे चित्र आहे. पुष्कळ कारागिरांनी ही साधने प्रत्यक्ष पाहिलेली नव्हती. छापील चित्रे आणि ऐकीव वर्णने यांच्या आधारे ती काढल्यामुळे काही चित्रांतील यंत्रांची रचना चमत्कारिक दिसते. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या छापखान्यातील देवदेवतांच्या रंगीत चित्रांचाही या भित्तिचित्रांवर प्रभाव पडला.

ऱ्हास

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात व्यापाऱ्यांची कुटुंबेही महानगरांत स्थायिक होऊ लागली आणि नव्या हवेल्यांचे बांधकाम थांबत गेले. अनेक हवेल्या राखणदारांच्या स्वाधीन राहिल्या किंवा भाड्याने दिल्या गेल्या. पिढ्यान्‌पिढ्या वारसदार वाढत गेल्याने एका घराची मालकी अनेकांत विभागली गेली. परिणामी दुरुस्ती, विक्री किंवा जतन यांविषयी एकमत होणे कठीण बनले. काही हवेल्या पाडून त्यांच्या जागी दुकाने उभी राहिली, तर काहींची कोरीव दारे जुन्या वस्तूंच्या बाजारात विकली गेली.

जमिनीतून चढणारी ओल व लोणा यांमुळे भिंतींचा खालचा भाग प्रथम खराब होतो. चुनकाम, जाहिराती आणि भित्तिपत्रके यांखालीही अनेक चित्रे झाकली गेली आहेत. सिमेंटची डागडुजी विशेष घातक ठरते. चुन्याच्या भिंतीतून ओल सहज बाहेर पडते, सिमेंट मात्र ती अडवते. ही ओल शेजारच्या जुन्या गिलाव्यात शिरल्याने चित्रांचे पोपडे निघतात.

जतन

नवलगढ येथील पोदार हवेलीचे संग्रहालयात रूपांतर झाले आहे. फतेहपूर येथील १८०२ मधील नंदलाल देवडा हवेली फ्रेंच चित्रकार नादीन ल प्रॅंस यांनी १९९८ मध्ये विकत घेऊन दुरुस्त केली. काही हवेल्यांत पर्यटकांसाठी हॉटेले सुरू झाली आहेत. फ्रान्सिस वाक्झियार्ग व अमन नाथ यांच्या १९८२ मधील पुस्तकामुळे या चित्रांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले गेले. ब्रिटिश लेखक इले कूपर यांनीही येथील चित्रांकित वास्तूंविषयी विस्तृत लेखन केले आहे.

जतनाच्या पद्धतीबाबत दोन दृष्टिकोन दिसतात. फिकट झालेली चित्रे नव्याने रंगवल्यास वास्तू उजळते, पर्यटक येतात आणि कारागिरांना काम मिळते. परंतु मूळ कारागिराची रेषा व रंग त्याखाली कायमचे झाकले जातात. दुसऱ्या पद्धतीत चित्र केवळ स्वच्छ करून सुटलेला गिलावा चुन्यानेच पक्का करतात आणि गळालेला भाग तसाच रिकामा ठेवतात. या पद्धतीत मूळ काम सुरक्षित राहते, मात्र तिला वेळ व कुशल कारागीर अधिक लागतात. बहुतेक हवेल्या खासगी मालकीच्या असल्याने याबाबतचा निर्णय प्रामुख्याने मालक कुटुंबांवरच अवलंबून असतो.