निळ्या-काळ्या डब्याचे वंशज

बंगळूरच्या एस. पी. रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाणतं गिऱ्हाईक खोक्यावरचा वेग वाचत बसत नाही. ते राउटर उलटा करतं आणि तळाच्या स्टिकरवर मॉडेलपुढचा ‘व्ही’, म्हणजे आवृत्तीचा आकडा, शोधतं. डबा तोच, नाव तेच, पण व्ही बदलला की आतलं यंत्र वेगळं निघू शकतं. ही सवय लावली ती लिंक्सिसच्या एका निळ्या-काळ्या राउटरने.

डब्ल्यूआरटी५४जी २००२च्या अखेरीस बाजारात आला. पुढच्याच वर्षी सिस्को या नेटवर्क उपकरणांच्या कंपनीने सुमारे ५० कोटी डॉलरला लिंक्सिस घेतली आणि कंपनीबरोबर एक थकलेलं देणंही पदरात पडलं. राउटरच्या आत लिनक्स होतं. त्याचा जीपीएल परवाना म्हणतो: वापरा, बदला, विका, पण ज्याला विकाल त्याला सोर्स कोडही द्या. लिंक्सिसने चिप घेतली ब्रॉडकॉमची, ब्रॉडकॉमने फर्मवेअरचं, म्हणजे राउटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं काम दिलेलं तैवानच्या सायबरटॅनला. या हातातून त्या हातात जाताना परवान्याची अट मध्येच गळाली. जून २००३मध्ये अँड्र्यू मिक्लास या प्रोग्रामरने ते चव्हाट्यावर आणलं आणि त्याच वर्षी कोड बाहेर आला. यात औदार्य कुणाचंच नव्हतं. परवान्याने भाग पाडलं.

जानेवारी २००४मध्ये त्या कोडवर ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं मुक्त फर्मवेअर उभं राहिलं. ४ एमबी फ्लॅश आणि १६ एमबी रॅम, एवढाच काय तो संसार! पण २००५च्या व्ही ५मध्ये कंपनीने दोन्ही निम्म्यावर आणली आणि लिनक्स काढून व्हीएक्सवर्क्स ही बंदिस्त प्रणाली बसवली. बाहेरून काही कळायची सोय नव्हती. हौशी मंडळी खट्टू झाली, तेव्हा जुनं यंत्र डब्ल्यूआरटी५४जीएल म्हणून वेगळं विकायला आलं. ग्राहकांनी हॅक करावं म्हणूनच विकलेला राउटर! तो वर्षानुवर्षं खपला.

हे कूळ बंगळूरच्या आसपासही रुजलं. इथली जनस्तू ही संस्था तुमकूरजवळच्या देवरायनदुर्ग परिसरात गावकऱ्यांच्या मालकीचं मेश वाय-फाय, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या राउटरांचं जाळं, उभारते. त्यासाठीचं लिब्रेमेश हे फर्मवेअर ओपनडब्ल्यूआरटीचंच अपत्य.

घरी ओपनडब्ल्यूआरटी चालवायला राउटर घेताना मात्र जुन्या आठवणींत रमू नका. ८ एमबी फ्लॅश आणि ६४ एमबी रॅमचा राउटर आज जेमतेम तग धरतो; १६ आणि १२८च्या खाली उतरू नका. मॉडेल आणि व्ही, दोन्ही ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीशी जुळवूनच पैसे मोजा. फर्मवेअर चढवताना राउटर यूपीएसवर ठेवा, कारण नेमकी तेव्हाच वीज गेली तर राउटर निकामी होऊन त्याची वीट होते. नोव्हेंबर २०२४मध्ये आलेल्या ओपनडब्ल्यूआरटी वन या राउटरमध्ये याचसाठी दोन वेगळे फ्लॅश आहेत: एकातलं फर्मवेअर बिघडलं तर दुसऱ्यातून सावरता येतं. शिवाय १ जीबी रॅम. हा राउटर ओपनडब्ल्यूआरटी प्रकल्पाने स्वतःच, सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सीच्या साथीने काढला. त्याची चिप मीडियाटेकची आहे.

ब्रॉडकॉमची नाही, हे महत्त्वाचं. ज्या कंपनीच्या चिपवर हे घराणं जन्माला आलं, तिच्याच नव्या वाय-फाय चिपांचे ड्रायव्हर बंद आहेत आणि ओपनडब्ल्यूआरटीला त्यांच्यावर धड चालता येत नाही. मीडियाटेक किंवा क्वालकॉमचा, यादीत असलेला राउटर घ्या. ब्रॉडकॉमचा कितीही स्वस्त मिळत असला तरी दुकानातच राहू द्या.