तळ्याकाठची शाळा

परवा वर्गात कोकणातल्या कासवांची गोष्ट सांगत होतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावच्या लोकांनी आणि चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने २००२ सालापासून समुद्रकासवांची घरटी कशी राखली, हे मुले कान देऊन ऐकत होती. इतक्यात मागच्या बाकावरचा एक पोरगा उठला नि म्हणाला, "गुरुजी, आपल्या भंडाऱ्याला समुद्र कुठं आहे? मग आपण काय राखायचं?"

प्रश्न चोख होता. उत्तर गावच्या पाळीपलीकडेच पसरलेले होते.

वाचकहो, आमच्याकडे समुद्र नाही, पण तळी उदंड आहेत. चांद्याच्या गोंड राजाने काशीहून कोहळी मंडळी आणली, असे परंपरा सांगते. जो तळे बांधील, त्याला त्याच्या पाण्याखालची जमीन, असा त्या राजवटीचा न्याय होता. कोहळ्यांनी जमिनीचा उतार ओळखून मातीच्या पाळी घातल्या, पाट काढले आणि धान पिकवले. पूर्व विदर्भात अशी मालगुजारी तळी सहा हजारांहून अधिक आहेत. त्यांतले नवेगावबांधचे तळे कोलू पाटील कोहळी यांनी बांधले, असे सांगतात. तो मुलूख १९९९ साली नव्या गोंदिया जिल्ह्यात गेला.

पाळ कोहळ्यांनी बांधली. पण तळ्याचे पोट ओळखले ते ढिवरांनी. काठच्या उथळ पाण्यात देवधान कुठे उगवते, मरळ आपली पिल्ले कुठे राखते, हे त्यांना पोथीवाचून ठाऊक.

१९५१ साली मालगुजारी संपली. वेठबिगारीचा तो काळ गेला, हे चांगलेच झाले. पण धन्याबरोबर तळ्याची काळजीही गेली. तळी सरकारजमा झाली, गाळ साचला, बेशरमीची झुडपे माजली. पुढे उत्पन्न वाढावे म्हणून कटला, रोहू, मृगळ यांचे बीज तळ्यांत सोडू लागले. हे मासे वाहत्या नदीतले. साचलेल्या पाण्यात त्यांची वीण होत नाही. म्हणजे दरसाल बीज विकत आणणे आले! त्यातच गवत्या माशाने पाणवनस्पती फस्त केल्या आणि देशी माशांचा पाळणाच मोडला.

अशा वेळी 'भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ' या संस्थेने एक उलटी शाळा भरवली. तिथे शिकलेली माणसे विद्यार्थी झाली आणि ढिवर झाले गुरू. जुन्या जाणत्यांकडून माशांची आणि वनस्पतींची नावे टिपून घेतली. मग ढिवर बायाबापड्यांनी बेशरम उपटली, उन्हाळ्यात तळ्याची कोरडी जमीन नांगरली आणि दुसऱ्या तळ्यांतून पाणवनस्पती आणून लावल्या. वनस्पती रुजल्या, तसे देशी मासे परतले. मागोमाग पाखरेही आली.

पाळ मातीने बांधता येते, पण तळे जिवंत राहते ते त्याला ओळखणाऱ्या माणसांमुळे. त्यांना बाजूला सारले, की उरते नुसते पाणी.

त्या पोराला मी एवढेच म्हणालो, "बाळा, तुझा आजा जाळे घेऊन निघाला, की त्याच्याबरोबर जा. दिसेल त्या माशाचे नाव विचार आणि वहीत लिहून आण."

भाऊबीज झाली, की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. यंदा तिकडे जाताना, मंडळी, वाटेतल्या पाळीवर क्षणभर टेका. पाण्याकडे पाहा, आणि काठावर कोणी ढिवर भेटला, तर त्याला रामराम करून पाण्यात काय काय आहे ते विचारा.