एका गाडीतली सीताफळे

दौलताबादचा किल्ला बघून खाली उतरले की हंगामात रस्त्याकडेला सीताफळांच्या पाट्या मांडलेल्या दिसतात. इथल्या फळांचा लौकिक जुना आहे. चौदाव्या शतकात इब्न बतूता इथे आला, तेव्हा त्याने इथल्या द्राक्षांची आणि डाळिंबांची नोंद केली. वर्षातून दोनदा फळ येते, असेही लिहिले. ते बाजारापर्यंत नेताना काय हाल होतात, हे मात्र पिकवणाऱ्यालाच ठाऊक.

माझ्या लहानपणी आमची झाडे थोडीच होती. चार पाट्यांसाठी बैलगाडी जुंपून औरंगाबादला जायचे, दिवस मोडायचा, हमाली आणि अडत द्यायची. हाती काय उरणार? शिवाय सीताफळाने आज डोळे उघडले की दोन दिवसांत ते मऊ. माल परत नेता येत नाही, हे अडत्याला पक्के माहीत. म्हणून वडील आणि दोन शेजारी मिळून एकच गाडी नेऊ लागले. एकाने बाजारात जायचे, दोघांनी शेतात राहायचे. खर्च तिघांत वाटला गेला आणि गाडीभर माल बघून अडत्याही नीट बोलू लागला. आमच्यातल्या जुन्या मंडळींना ही गाडी आठवत असेल.

तिसऱ्या हंगामात काही पाट्यांच्या तळाशी बारकी फळे निघाली. भाव सगळ्या गाडीचा पडला. पाट्या कुणाच्या, ते ठरेना. भांडण झाले नाही, पण बोलणे कमी झाले आणि गाड्या वेगळ्या झाल्या. पुष्कळ वर्षांनी आई सहज बोलून गेली, त्या पाट्या आपल्याच होत्या. घाईत तिनेच भरल्या होत्या.

बाजाराला शिस्त लावायला निजामाच्या राज्यात १९३० साली कायदा झाला, पुढे महाराष्ट्राचा १९६३ साली. पण शेजाऱ्याने शेजाऱ्यावर भरवसा कसा ठेवावा, हे कायदा शिकवत नाही. १९९१ साली द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्थांनी एकत्र येऊन 'महाग्रेप्स' काढली. शीतगृह आणि परदेशी गिऱ्हाईक एकट्याला कुठून परवडणार? सुरुवातीला त्यांचाही बराच माल नाकारला गेला. मग प्रतवारी आणि तपासणी कडक झाली. २००६ मध्ये 'ग्रेपनेट' आले आणि निर्यातीची पेटी कुणाच्या बागेतली, तेही कळू लागले.

हे वाचले तेव्हा मला आमच्या पाट्या आठवल्या. त्यांवर नावाची चिठ्ठी असती, तर आमच्या घराला थोडी लाज वाटली असती, एवढेच. तिघांची गाडी मात्र चालू राहिली असती.