होडीवरचा तिसरा माणूस

ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी, अशी या शब्दाची फोड आपल्याकडे मोठ्या कौतुकाने सांगतात. असा पाहुणा दारात उभा राहिला की आमटीत तांब्याभर पाणी वाढते, गृहिणीच्या कपाळाला क्षणभर आठी पडते आणि लगेच पाट मांडला जातो. परंतु एका बोलपटात असाच एक पाहुणा आला आणि राज्यकर्त्यांच्या कपाळाला पडलेली आठी पुसली गेली नाही. ती हकीकत पोलंडमधली, १९६२ सालची.

पोलंड आपल्याला अगदीच परका नव्हे. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहून गेले. त्यांत बहुतेक बायका-मुलेच होती. मागे राहिलेल्या त्यांच्या देशाची युद्धाने धूळधाण केली. सुमारे ६० लाख नागरिक मेले. त्यांतले निम्मे ज्यू होते. पुढे तिथले चित्रपट युद्धाविषयीच बोलू लागले, यात नवल ते काय? आंजेय वाइदा यांच्या १९५७ सालच्या ‘कनाल’मध्ये वॉर्साचे बंडखोर गटारांतून वाट शोधत मरणाकडे जातात.

त्याच ‘कनाल’चा छायाचित्रकार येझी लिपमान १९६१ साली कॅमेरा घेऊन माझुरीच्या सरोवरांवर गेला. दिग्दर्शक होता रोमान पोलान्स्की. क्राकोच्या ज्यू वस्तीत कोंडलेले बालपण त्याने भोगले होते. त्याची आई आउश्वित्झच्या छळछावणीत मारली गेली होती. तरीही आपल्या पहिल्याच मोठ्या चित्रपटात त्याने एकही बंदूक दाखवली नाही. ‘पाण्यातला चाकू’ या चित्रपटात पात्रे तीनच: नवरा, बायको आणि वाटेत भेटलेला एक तरुण.

नवरा-बायको सुट्टी घालवायला प्यूजो मोटारीतून निघाले आहेत. नवरा क्रीडा-पत्रकार, चाळिशीकडे झुकलेला. सरोवरावर त्याची स्वतःची शिडाची होडी आहे. वाटेत एक पोरगा रस्त्याच्या मधोमध उभा राहून मोटार अडवतो. नवरा त्याला खडसावतो, मोटारीत घेतो आणि पुढे होडीवरही बोलावतो. हे औदार्य नव्हे. आपले वैभव पाहायला त्याला कोणीतरी हवे असते. पोराजवळ काय, तर एक चाकू! मग शीड कोणाला ओढता येते, वारा कोणाला कळतो, यावरून दिवसभर कुरघोडी चालते. अखेर चाकू पाण्यात पडतो, झटापट होते, पोरगा बुडाला असे वाटते.

कादंबऱ्या लिहिणाऱ्या मला या कथेचे खरे मर्म त्या बाईत दिसते. ती फार बोलत नाही, पण दोघांनाही पुरते ओळखते. पोरगा जिवंत परत येतो तेव्हा ती त्याला सुनावते, की तूही माझ्या नवऱ्यासारखाच आहेस. त्याच्याजवळ जे आहे तेच तुला हवे आहे. पाहुण्याने तो संसार मोडला, असे म्हणवत नाही. तडा आधीच गेलेला होता. तो पाहुण्यामुळे उजेडात आला, इतकेच.

आता इतिहासाचा भाग पाहा. सर्व माणसे समान, असे सांगणारे ते राज्य. तिथे खाजगी मोटार आणि होडी किती जणांजवळ होती? पटकथा याकुब गोल्डबर्ग, येझी स्कोलिमोव्स्की आणि पोलान्स्की यांची. तिला सरकारी मंजुरी पहिल्या खेपेस मिळाली नव्हती. तयार चित्रपट पाहून पक्षप्रमुख व्वादिस्वाव गोमुल्का नाराज झाले. परदेशात मात्र १९६२ साली व्हेनिसला समीक्षकांचे पारितोषिक मिळाले आणि सप्टेंबर १९६३ मध्ये ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर त्यातले दृश्य झळकले. १९६४ साली तो ऑस्करच्या स्पर्धेतही होता. पारितोषिक फेलिनीच्या चित्रपटाला गेले. पोलान्स्की देश सोडून गेला. पुढे १९७७ साली अमेरिकेत अल्पवयीन मुलीवरील अत्याचाराच्या प्रकरणी त्याने एका आरोपाची कबुली दिली आणि शिक्षा सुनावली जाण्याआधी, १९७८ साली, तो तिथूनही निघून गेला. तेव्हा त्या माणसाचे गोडवे मला गायचे नाहीत. प्रश्न त्याने दाखवलेल्या आरशाचा आहे.

सरकारला इतके झोंबले ते का? मला वाटते, चित्रपटात सरकारवर टीका असती तर ती कापता आली असती. इथे कापायचे काय? एका सुखवस्तू माणसाचे मोठेपण एका कफल्लक पोराच्या नजरेपुढे टिकत नाही, एवढेच तर दाखवले होते.

शेवटी मोटार चौरस्त्यावर उभी राहते. एक रस्ता पोलीस ठाण्याकडे जातो. बायको सांगते, पोरगा जिवंत आहे आणि मी तुझ्याशी एकनिष्ठ राहिले नाही. हे खरे मानले तर खुनाचा डाग पुसला जातो, पण संसार कलंकित होतो. खोटे मानले तर बायको आपली राहते, पण गुन्हा अंगावर येतो. इतिहास शिकवताना अशा चौरस्त्यावर थबकलेली राज्ये मी पुष्कळ पाहिली आहेत. खरे सांगणारा शेजारीच बसलेला असतो. ऐकणाऱ्याला मात्र ते परवडत नाही. चित्रपट संपतो तेव्हाही ती मोटार हललेली नसते.