गाडगेबाबांचे ताट

शाळेच्या फळ्यावर रोज एक सुविचार लिहिण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. दुसऱ्या दिवशी तो पुसला जातो. मुलांचे अक्षर सुधारते, एवढा फायदा निश्चित! परंतु एखादे वचन माणसाच्या संसारात उतरते म्हणजे काय होते, हे पाहण्यास नांदगाव पेठच्या रहिवाशांना दूर जावयास नको. आपल्याच जिल्ह्यातील संत गाडगेबाबांचे चरित्र त्यासाठी पुरेसे आहे.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. वडील दारूपायी गेले. बालपण दापुरे येथे मामाकडे गुरे राखण्यात गेले. शाळा अशी ठाऊक नव्हतीच. लिहिता-वाचता न येणाऱ्या कुळाला सावकार कसा नाडतो, हे त्यांनी मामाच्या घरातच पाहिले. १९०५ साली घर सोडल्यावर हाती खराटा आणि मातीचे गाडगे, एवढाच त्यांचा संसार राहिला.

त्यांच्या कीर्तनातील एक सांगणे वऱ्हाडात घरोघरी पोचले. पैसा नसेल तर जेवणाचे ताट विका, भाकर हातावर घेऊन खा, बायकोला कमी किमतीचे लुगडे घ्या, पाहुणचाराचा खर्च आवरा, पण मुलाला शाळेत घाला. यात अवघड शब्द एकही नाही. ताट, भाकर, लुगडे या वस्तू ऐकणाऱ्याच्या घरात होत्या. म्हणून ऐकणारा घरी जाताना मनाशी हिशेब करीत असे. बाबा उपदेश करून थांबत नसत, प्रश्न विचारीत आणि उत्तर लोकांच्या तोंडून वदवून घेत. कर्ज काढून सण करावा काय? देवाला बोकड कशाला? आधी गाव झाडावयाचे, मग कीर्तन, हा त्यांचा क्रम होता. जमलेल्या पैशातून ऋणमोचनचा घाट झाला, धर्मशाळा उभ्या राहिल्या. स्वतःसाठी त्यांनी काही ठेवले नाही.

आपल्या समाजात वचनांची उणीव नाही. पवित्र कुरआनाच्या अवतरणाचा प्रारंभ ‘इक्रा’, म्हणजे ‘वाच’, या शब्दाने झाला, हे लहान मूलही सांगते. इल्म मिळविणे प्रत्येक मुसलमानावर फर्ज आहे, ही हदीस इब्न माजा यांच्या संग्रहात आहे. तीत मुली आल्याच, असा उलेमांचा निर्वाळा आहे. इल्मसाठी चीनपर्यंत जा, हे वाक्य मात्र आपल्या जलशांत अधिक गाजते, आणि हदीसच्या जाणकारांनी तेच कमजोर ठरविले आहे. (भिंतीवर रंगविण्यापूर्वी एवढी चौकशी करावयास हरकत नसावी.) चीन राहू द्या, दहावीनंतर मुलीला अमरावतीच्या कॉलेजात पाठवावयाचे म्हटले की खर्च जड वाटतो, आणि त्याच घरी वलिम्याला दोन पदार्थ वाढवावयास उसनवार चालते. मांडवाचा खर्च सर्वांना दिसतो, फीची पावती कोणी पाहत नाही, हे त्याचे खरे कारण होय.

बाबा २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येत असता वलगावजवळ पैगंबरवासी नव्हे, पण आपल्या समजुतीप्रमाणे अल्लाच्या दरबारी रुजू झाले. १९८३ साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाला २००५ साली त्यांचे नाव देण्यात आले. आपली जी मुले-मुली पदवीधर होतात, त्यांच्या प्रमाणपत्रावर शाळेत कधी न गेलेल्या या माणसाचे नाव छापलेले असते.