आरोपीचा वकील आणि निकालाचा हिशेब

फौजदारी वकिलांबद्दल दोन समजुती आपल्याकडे शेजारीशेजारी नांदतात. गुन्हेगाराचे वकीलपत्र घेणारा न्यायाच्या आड येतो, ही एक. ज्याचे आरोपी सुटतात तोच चांगला वकील, ही दुसरी. वरवर पाहता त्या एकमेकींच्या विरोधी वाटतात. पण वकिलाचे काम निकालावरून ओळखायचे, हे गृहीत दोन्हींच्या तळाशी आहे. मला ते मान्य नाही. पूर्वपक्षाला सर्वांत अनुकूल असा खटला घेऊनच ते तपासू: २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर झालेल्या हल्ल्याचा.

हल्लेखोरांपैकी कसाब जिवंत पकडला गेला होता. रेल्वे स्थानकात बंदूक घेऊन फिरतानाचे त्याचे छायाचित्र साऱ्या देशाने पाहिले होते. अशा माणसाला वकील कशाला, हा प्रश्न रस्त्यावर विचारला गेला तसाच न्यायालयांच्या आवारातही. मुंबईतील वकिलांच्या एका संघटनेने त्याचे वकीलपत्र न घेण्याचा ठराव केला. २००९च्या मार्चअखेर न्यायालयाने अंजली वाघमारे यांची नेमणूक केली, तर जमाव त्यांच्या घरावर चालून गेला. पुढे अब्बास काझमी आणि त्यांच्यानंतर के. पी. पवार यांनी ते काम केले. लोकांचा संताप खोटा नव्हता. दीडशेहून अधिक माणसे मारली गेली होती.

पण आरोपीच्या पिंजऱ्यात कसाब एकटा नव्हता. त्याच्यासोबत दोन भारतीय होते. हल्ल्याच्या ठिकाणांचे नकाशे त्यांनी पुरवले, असा त्यांच्यावर आरोप होता. पुरावा काय, तर कसाबच्या मेलेल्या साथीदाराच्या खिशात सापडल्याचे सांगितलेला हाताने काढलेला नकाशा. कपडे रक्ताने माखलेले आणि नकाशा मात्र स्वच्छ, यावर विशेष न्यायाधीश एम. एल. ताहिलियानी यांचा विश्वास बसला नाही. ३ मे २०१० रोजी ज्या निकालपत्राने कसाबला दोषी ठरवले, त्याच निकालपत्राने या दोघांना सोडले. ती सुटका पुढे उच्च न्यायालयात आणि सर्वोच्च न्यायालयातही टिकली. या दोघांपैकी एकाचे वकील शाहिद आझमी यांना मात्र निकाल ऐकायला मिळाला नाही. ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्यातील त्यांच्या कार्यालयात त्यांना गोळ्या घालून मारण्यात आले. वकील न देण्याची भाषा करणाऱ्यांनी या दोघांचे काय करायचे ठरवले होते, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही.

आता कसाबच्या बाजूचा हिशेब. तिन्ही न्यायालयांत त्याचे वकील ‘हरले’. सर्वोच्च न्यायालयात राजू रामचंद्रन हे न्यायमित्र म्हणून उभे होते. अटकेनंतर कसाबला वेळेवर वकील मिळाला नाही, म्हणून खटलाच सदोष ठरतो, असा त्यांचा एक मुद्दा होता. कसाबपुरता तो न्यायालयाने फेटाळला आणि २९ ऑगस्ट २०१२ रोजी फाशी कायम केली. पण तो मुद्दा तपासताना न्यायालयाला दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य स्पष्ट शब्दांत सांगावे लागले: आरोपीला पहिल्यांदा हजर केले जाते तेव्हाच, वकील मिळणे हा तुझा हक्क आहे आणि ऐपत नसेल तर तो सरकारी खर्चाने मिळेल, हे त्याला सांगितलेच पाहिजे, त्यात कसूर करणारा दंडाधिकारी खातेनिहाय कारवाईस पात्र ठरेल. उद्या जळगावात मोबाइलचोरीच्या संशयावरून एखाद्या मजुराच्या मुलाला पकडले, तर त्याच्या हातात असलेला हा आधार एका हरलेल्या युक्तिवादातून आलेला आहे.

यावरचा आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो हलका नाही. साक्षीदार फितूर होतात, तारखांवर तारखा पडतात, पैसेवाला सुटतो. हे घडते. पण साक्षीदार विकत घेणे हा गुन्हा आहे; त्याला बचाव म्हणणे म्हणजे लाचेला शासन म्हणण्यासारखे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतच दोन्ही बाजू आहेत. आरोपी दोषी आहे की नाही याबद्दल स्वतःचे मत काहीही असो, वकिलाने त्याचा बचाव करावा, मात्र न्याय्य आणि सन्माननीय मार्गांनीच. निकालावर अवलंबून फी ठरवायलाही हेच नियम मनाई करतात. आणि वकीलपत्र न घेण्याचे वकील संघटनांचे ठराव राज्यघटनेच्या व व्यवसायधर्माच्या विरुद्ध असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१०मध्ये तमिळनाडूतील एका प्रकरणात बजावले आहे.

मुळात ‘सुटला’ म्हटले की वकिलाने काहीतरी हातचलाखी केली, असे वाटते, कारण उलटतपासणी बहुतेकांनी चित्रपटातच पाहिलेली असते. प्रत्यक्षातले काम रुक्ष आहे. साक्षीदार कोर्टात जे सांगतो ते पोलिसांपुढच्या जबाबात होते का, हे ओळ अन् ओळ ताडून पाहायचे. नसेल तर ती उणीव त्याच्यासमोर ठेवायची आणि पुढे तपास अधिकाऱ्याच्या साक्षीत सिद्ध करून घ्यायची. एवढा एक प्रश्न विचारायचा राहिला, तर अपिलात कितीही मोठा वकील दिला तरी तो मुद्दा उभा करणे कठीण होते.

पीडितांचे काय, असे विचारणाऱ्यांना मी नाशिक परिसरातील एक प्रकरण सांगेन. २००३च्या जूनमध्ये शेतवस्तीवर दरोडा पडला, एकाच ठिकाणी पाच जणांचा बळी गेला. भटक्या जमातीतील सहा जण आरोपी झाले. २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. पुढे फेरविचारात प्रकरण पुन्हा उघडले आणि मार्च २०१९मध्ये त्याच न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडले. वाचलेल्या स्त्रीने पोलिसांकडील छायाचित्रांतून वेगळ्याच चौघांना ओळखले होते. तो जबाब सरकार पक्षाने न्यायालयापुढे आणलाच नव्हता. राज्य सरकारने प्रत्येकी ५ लाख रुपये द्यावेत, असा आदेश झाला. सोळा वर्षांचे ते मोल. आणि जिची माणसे गेली त्या बाईला इतकी वर्षे न्याय म्हणून जे मिळाले होते, ते भलत्याच लोकांचे मरण होते. तिने दाखवलेल्या चौघांचा माग काढायची वेळ केव्हाच निघून गेली होती. तो जबाब २००६मध्ये खालच्या न्यायालयातच बाहेर ओढला गेला असता, तर आरोपींइतकाच तिचाही फायदा होता.

आता जिल्ह्याजिल्ह्यांत लोक अभिरक्षक कार्यालये उघडली आहेत. गरीब आरोपींचा बचाव पगारी वकिलांकडे सोपवला आहे. त्यांच्या कामाचा आढावा ‘किती सुटले’ या रकान्याने घेतला जाऊ नये, असा माझा आग्रह आहे. पहिल्या रिमांडआधी वकील आरोपीला भेटला का? मुदतीत दोषारोपपत्र आले नाही, तेव्हा त्याच दिवशी जामिनाचा अर्ज पडला का? पोलिसांनी घेतलेला प्रत्येक जबाब त्याने मागून घेतला का? जबाबातील उणिवा तपास अधिकाऱ्याकडून सिद्ध करून घेतल्या का? शिक्षेवरच्या युक्तिवादात आरोपीचे वय, घर, तुरुंगातील वागणूक न्यायाधीशांपुढे ठेवली का? या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर खटल्याच्या कागदपत्रांत मिळते, आणि ते आरोपीला शिक्षा झालेल्या खटल्यांतही तितक्याच काटेकोरपणे तपासायला हवे.