घटिकापात्र ते लालबाग

बेंगळूरच्या लालबागेत जाणारा माणूस फुलांच्या घड्याळापाशी क्षणभर थांबतोच. हैदर अलीने १७६० साली घालावयास घेतलेल्या या बागेत हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कारखान्याने १९८३ साली ते उभारले. सुमारे सात मीटर व्यासाची त्याची तबकडी म्हणजे जिवंत रोपांचा ताटवा होय. काट्यांना वीज लागते, पाणी केवळ रोपांना. परंतु एके काळी घड्याळ चालत असे ते पाण्यावरच.

आपल्याकडे घंगाळात पाणी भरून त्यात तांब्याचे घटिकापात्र सोडीत. तळाच्या बारीक छिद्रातून पाणी आत शिरे आणि चोवीस मिनिटांत पात्र बुडे. ती एक घटका. अशा साठ घटकांचे एक अहोरात्र. ‘घटका भरली’ असे आपण म्हणतो, त्यामागे हे भरणारे पात्रच आहे. मात्र ते बुडताच उचलून पुन्हा सोडणारा माणूस जवळ जागा असावा लागे. त्याचा डोळा लागला की वेळेचा हिशेब चुकला! लग्नघरी जोशीबुवा त्या पात्रावरून नजर हलवीत नसत, ते याचसाठी.

हा पहारेकरी यंत्रातच बसविता येईल काय? जोव्हान्नी बात्तिस्ता एम्ब्रियाको या डोमिनिकन पंथीय धर्मगुरूंनी त्याचे उत्तर शोधिले. त्यांचे जलघड्याळ १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडले गेले व १८७३ साली रोमच्या पिंचो उद्यानात, एका लहानशा तळ्यात, झाडाच्या खोडासारख्या मनोऱ्यात बसविण्यात आले. त्यात दोन पात्रे आळीपाळीने भरतात. भरलेले खाली जाऊन रिते होते, तोच दुसरे भरू लागते, आणि या हेलकाव्यावर लंबक चालतो. पात्र उचलावयास माणूस उरला नाही. तरीही हे घड्याळ बंद पडलेच. दुरुस्त होऊन ते पुन्हा चालू झाले २००७ साली.

लालबागेच्या घड्याळाची कथा याहून फार वेगळी नाही. ज्या कारखान्याने १९६१ पासून देशाच्या मनगटावर स्वदेशी घड्याळ बांधले, त्याची घड्याळ-कंपनी बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला. कर्ते गेले, तरी ताटव्याला रोज पाणी घालावे लागते, वाढलेली पाने छाटावी लागतात; नाहीतर तबकडीच झाकून जाईल. घंगाळापाशी बसणाऱ्या त्या जाग्या माणसाची गरज अजून संपलेली नाही. लालबागेत तो माळ्याच्या रूपाने उभा आहे.